टेमघरला पडलेलं लाल पाणी

अहो, पण लाल दिसलं की मिलिंदच का? तुम्हाला सांगतो, टेमघरला कापड रंगवायची डाईंग काय एकट्या मिलिंदची आहे? गटार लाल, मिलिंद! नाला लाल, मिलिंद! परवा तर अवकाळी सर आली, ती लाल पडली... वरून, आभाळातून! समोरच्या आक्कांचं पांढरं लुगडं दोरीवर होतं, ते लालेलाल. आणि शेजारचे गोदामवाले केसरीनाथशेठ कमरेवर हात ठेवून गरजले, "याच्याच डाईंगचा रंग हाय! सील करा!" अहो शेठ, मिलिंदचा पाइप काय आभाळात जातो? सील लागलं तर त्याच्या घरी चूल कशावर पेटायची?

पण त्याची बायको धम्मदिना! कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तशी शांत, पण एकदा पदर खोचला की... तिनं ते पाणी बाटलीत भरलं, थेंब मायक्रोस्कोपखाली धरला आणि ओरडली, "अहो, यात पेशी आहेत! जाड भिंतीच्या, लाल, आणि पुस्तकात कुठेच नाहीत!" उकळल्या, तरी जिवंत! म्हणाली, "कदाचित पृथ्वीबाहेरच्या असतील. कदाचित म्हणतेय हं मी." मिलिंदला 'कदाचित' ऐकू येतंय कशाला? तो गल्लीभर नाचत, "परग्रहावरून आलंय! मी सुटलो!"

सील ठोकायला प्रदूषण मंडळाचे साहेब आले, सगळी आळी गोळा. धम्मदिनानं साहेबांचा डोळाच मायक्रोस्कोपला लावला. "बघा, एकीच्या दोन झाल्या की नाही? रंगाला कधी पोरं होतात का, साहेब?" साहेब घामाघूम! "मॅडम, ये तो जिंदा है!" काय तो थाट! मिलिंदची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी...

पण शेठ हटेनात. "त्या पेशीपन यानीच सोरल्या आसतील!" बघा, लाल दिसलं की मिलिंद! तेवढ्यात आक्का लुगडं घेऊन पुढं. "आरं केसरीनाथा, सोड्यात भिजवलां, दगरावर बरवलां, डाग जात न्हाय. मिलिंदचा रंग आसता त पयल्याच पान्यात गेला नसता का?"

 आळीच्या माना हलल्या... एकजात! शेठचीसुद्धा! साहेब सील घेऊन आल्या पावली परत. जिंकला हो मिलिंद! पेशी पुण्याला तपासायला गेल्या, पेपरात धम्मदिनाचा फोटो आला, डाईंग धडाक्यात चालू.

आता टेमघरला लाल दिसलं तरी कुणी मिलिंदचं नाव घेत नाही. गिऱ्हाईकसुद्धा! दारात येतं आणि हळूच विचारतं, "दादा, तुमचा नको... तो वरचा रंग असला तर बघा ना."