कपाशीचं झिंक

चहा हातात असला तर आधी खाली ठेवा, मग ऐका. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालची गोष्ट. आमच्या घाटंजीत कृषी केंद्रवाला एक भाऊसाहेब होता. त्यानं दिलेलं औषध फवारलं का अळ्या अजून जाड होत. पण सल्ला द्यायचा त्याचा रुबाब काही कमी होत नव्हता.

एक दिवस आमच्या शेजारची सुमन लेकरू घेऊन दुकानात आली. सहा महिन्यांचं पोर, श्वास घेताना पसली नुसती उडून राह्यलती. म्हणे, "भाऊ, मागं याले हगवण लागलती तवा सिस्टरबाईनं झिंकच्या गोळ्या दिल्त्या, पोर बरं झालं. तुमच्यापाशी झिंक आहे ना?"

भाऊसाहेबानं कपाशीच्या झिंकची थैली काढली. "झिंक ते झिंकच, बाई! कपाशी पिवळी पडली का मी हेच देतो. चिमूटभर दुधात पाज."

मी तिथंच बाकावर बसलतो. म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्या नातवाचीबी छाती भरलती ना? त्याले किती चिमट्या दिल्या?"

"त्याले हे कायले देऊ? त्याले यवतमाळले लेकरांच्या डॉक्टरकडे नेलं!"

बोलून बसला, अन् मग जीभ चावली. सुमननं थैली तिथंच टाकली. मी तिले ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. निमोनिया निघाला, पण आठ दिवसांनी पोर हसत घरी आलं.

भाऊसाहेब मले विचारे, "काय दिलं रे डॉक्टरनं?"

म्हटलं, "तुमच्या दुकानातलं काहीच नाही. तुमचं औषध फक्त अळीलेच मानवते."