गोठ्यातून ऑस्ट्रेलिया

…नाही, पण मला एक सांगा, निळे कपडे घातलेले आपले की पिवळे घातलेले आपले, हे जिला अजून विचारावं लागतं तिनं सोफ्यावर बसायचं, पंख्याखाली, मांडीवर चिवड्याची वाटी घेऊन, आणि जिला भारत-ऑस्ट्रेलियाचा सगळा इतिहास तोंडपाठ आहे तिनं कुठं जायचं? गोठ्यात! हा कुठला न्याय झाला?

तुम्हाला सांगते, मी तशी फार बोलत नाही. वर्गात 'हजर' म्हणते तेसुद्धा बाईंना ऐकू जात नाही, माझी गैरहजेरी लागते आणि ती खोडायलाही मी उठत नाही. पण आज बोलणार. कारण आज माझ्यासमोर स्वराली नाहीये. स्वराली म्हणजे माझी चुलत बहीण, रणजितकाकाची मुलगी. काका बारामतीत राहतो, आम्ही काटेवाडीत, म्हणजे गाडी काढली की पोचलाच. आणि मॅच असली की काका सहकुटुंब येतो. कारण मॅच आबांसोबतच बघायची. आबा म्हणजे आमचे आजोबा, आप्पासाहेब. आणि आबांचा नियम असा, की आपण जिंकलो तेव्हा जो जिथं होता तिथंच त्यानं पुढच्या मॅचला असायचं. हलायचं नाही!

हसू नका. आबा एक पाय खुर्चीवर घेऊन बसतात, पायाला मुंग्या येऊ देत नाहीतर झुरळं, पाय खाली नाही. काका एकदा पाणी प्यायला उठला आणि चौकटीत उभा असताना षटकार गेला, तेव्हापासून तो बिचारा चौकटीतच उभा. आणि आई एका जिंकलेल्या मॅचला मेथी निवडत होती, तर आता दर मॅचला आमच्याकडं मेथी! अहो, टेस्ट मॅच असली की पाच दिवस मेथी!

आणि मी? मी गोठ्यात.

आता तुम्ही म्हणाल, असं काय केलंस तू? काही केलं नाही हो. मी फक्त बघितलं! ऐका. हे वैर तसं माझ्या जन्माच्या आधीचं. फॉलोऑन मिळूनही कोलकात्यात उलटवलेली ती टेस्ट सांगताना आबा उभे राहतात. आणि दोन हजार तीनची फायनल सांगताना आवाज खाली घेतात, शेजारी कुणी गेल्यासारखा. "तीनशे एकोणसाठ," म्हणतात, आणि मग कुणीच काही बोलायचं नाही. दोन हजार अकराला क्वार्टर फायनलमध्ये आपण त्यांना घरी पाठवलं. तेव्हा मी वर्षाची, आईबरोबर इंदापूर तालुक्यात वरकुट्याला, आजोळी. म्हणजे मी घरात नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे, माझ्याविरुद्ध!

दोन हजार पंधरा, सिडनीची सेमी फायनल. मी पाच वर्षांची, आबांच्या मांडीवर. हरलो. सतराला मुलींची सेमी फायनल, मला कांजिण्या, मागच्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं. जिंकलो! वीसला मेलबर्नची फायनल, महिला दिन, मी नवा फ्रॉक घालून टीव्हीसमोर पहिल्या रांगेत. पहिल्याच षटकात आपण कॅच सोडला आणि मग नुसती धुलाई. एकवीसला ब्रिस्बेनला आपली पोरं पाय मोडकी, बोटं मोडकी, तरी त्यांच्या घरात शिरून जिंकली, आणि मी कुठं? गच्चीवर! ऑनलाइन शाळा होती, रेंज फक्त टाकीपाशी यायची.

तरी तोवर कुणाच्या डोक्यात काही नव्हतं. पण तेवीसची फायनल आली. अहमदाबाद. आख्खी स्पर्धा आपण हरलो नव्हतो. मी मुद्दाम दारात बसले होते, अर्धी आत अर्धी बाहेर, कुणाच्या मध्ये नको म्हणून. त्यांचा तो मिशीवाला ओपनर खेळत राहिला, खेळत राहिला… स्टेडियम गप्प झालं, आमचा हॉल गप्प झाला, आणि काका चौकटीतून म्हणाला, "आबा, एक बोलू का? आपली राजी बघती तवा आपण हरतोय."

"काय बोलतो रं?"

"डेटा बोलतोय आबा! पंधरा बघा. वीस बघा. आज बघा. अन् पोरगी नव्हती ती अकरा बघा, सतरा बघा, ब्रिस्बेन बघा!"

आबांनी बोटांवर मोजलं. मग माझ्याकडं बघितलं. तुम्हाला सांगते, तो मिशीवालासुद्धा मला त्या वेळी जवळचा वाटला.

"राजे," आबा म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाय बाळा. बाकीच्या मॅचला ये की हितं मांडीला मांडी लावून बस. पर ऑस्ट्रेलिया असली की तू आपली गोठ्यात जा."

झालं! आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलिया आली, मी गोठ्यात, आणि नेमकं त्या क्षणी काय झालं असेल? स्वराली, जी आतापर्यंत आतल्या खोलीत नखं रंगवत बसली होती, ती नखं वाळवायला पंखा हवा म्हणून हॉलमध्ये आली, सोफ्यावर टेकली, आणि सीमारेषेवर आपल्या माणसानं उडी मारून एका हातात कॅच घेतला. एका हातात! आबा ओरडले, "पोरगी आली अन् इकेट आली! हिचा पाय बघा, पाय!"

पाय! तिनं फक्त नखं वाळवली होती हो! तेव्हापासून सोफ्याची मधली जागा तिची. चिवड्याची पहिली वाटी तिची. "स्वरू, उठू नगंस हां बाळा." आणि ती काय करते? मोबाइल बघते! समोर ऑस्ट्रेलिया, आणि ही मोबाइल बघते! मग मान वर करून विचारते, "आबा, पिवळे आपले ना?" आबा हसतात. मी असं विचारलं असतं तर?… पण मी विचारणार कुठून? मी गोठ्यात.

गोठ्यात आमच्या दोन गाई, चांदी आणि हरणी. चांदी समजूतदार आहे. हरणी शेपटीनं मारते. मी पेंडीच्या पोत्यावर बसते आणि हॉलमधला आवाज ऐकते. काकानं मांडीवर थाप मारली की चौकार, आईच्या हातातली परात वाजली की विकेट. दुबईतली सेमी फायनल मी अशीच ऐकली. जिंकलो. सगळे नाचले. मला कुणी सांगायलाही आलं नाही, हरणीनं हंबरून सांगितलं. माझी एकच इच्छा होती, हो. एकदा, फक्त एकदा, ऑस्ट्रेलियाला हरताना या डोळ्यांनी बघायचं. ज्यांचा इतिहास एवढा पाठ केला, त्यांचा पडलेला चेहरा एकदा बघायचा. एवढंही नको?

म्हणून यंदा मुलींच्या वर्ल्ड कपला, विशाखापट्टणमच्या मॅचला, मी हळूच खिडकीतून डोकावले. तीनशे तीस केल्या होत्या हो आपण! तीनशे तीस कोण हरतं? आपण हरलो! आणि स्वरालीनं पाहिलं. ती बरी त्या वेळी मोबाइल बघत नव्हती! "आबा, दीदी खिडकीत होती." इतक्या गोड आवाजात, तुम्हाला सांगते, साखरेच्या कारखान्यानं तिला कामावर घ्यावं.

खिडकीला जुनी साडी लागली. आणि नेमकी त्याच बयांशी सेमी फायनल आली! दिवाळीची सुट्टी, स्वराली मुक्कामाला, आणि काकानं पाडव्याला नवा टीव्ही आणलेला. डिश नाही बिश नाही, सगळं वायफायवर. मोठ्ठा! चेंडूची शिलाईसुद्धा दिसते म्हणे. म्हणे! मला काय माहीत, मी गोठ्यात.

ऑस्ट्रेलियानं तीनशे अडतीस केल्या. आबा पुटपुटले, "गेली." आमची बॅटिंग सुरू झाली. आता बघा, गोठ्याच्या भिंतीपलीकडं लखनदादाचं घर. त्याच्याकडं जुनी डिश. तो एकटाच मॅच बघतो पण ओरडतो दहा जणांचं. तर लखनदादा ओरडला, "आरं गेली! गेली!" आणि माझ्या तोंडातून, मी जी कधी बोलत नाही, तिच्या तोंडातून निघालं, "अरे देवा, विकेट गेली!" हॉलमध्ये शांतता. आणि मग… मग आईची परात वाजली.

मला आधी कळेनाच. मग लक्षात आलं. आमचा नवा टीव्ही मागं चालत होता! लखनदादाच्या डिशवर चेंडू पडून जायचा, तरी आमच्याकडं बोलर अजून धावतच असायची! चांगलं आठ-दहा श्वास मागं!

पण हे हॉलमध्ये कुणाला माहीत? काका धावत आला. "राजे! तोंड उघडू नगंस! तू बोललीस अन् विकेट पडली!" मी गप्प. मुंबईची ती मुलगी एक बाजू धरून उभी, दुसरीकडून आपली कॅप्टन मारतेय, मी गप्प, ओठ दाबून गप्प… आणि लखनदादा किंचाळला, "सुटला! कॅच सुटला!" आणि मला राहवेना हो! "सुटला!" मी ओरडले. त्या वेळी आमच्या हॉलमध्ये चेंडू हवेत होता. आबांनी डोळे मिटले होते म्हणे. त्यांची विकेटकीपर खाली थांबली होती. आणि सुटला!

हॉलमध्ये कुणी ओरडलंसुद्धा नाही. नुसता आबांचा आवाज आला. "रणजित… पोरीनं आधी सांगितलं रं."

दोन मिनिटांत कोण यावं गोठ्यात? स्वराली! नाकाला ओढणी लावून, शेण चुकवत, एका पायावर. "दीदी, आबा म्हणतायत, चौकार म्हण."

"आत्ता नाही," मी म्हटलं. "थांब."

"का थांबू?"

"आतून यावं लागतं." तुम्हाला सांगते, कुठून सुचलं देव जाणे! भिंतीपलीकडून लखनदादा ओरडला, "चौकार!" मी शांतपणे म्हटलं, "चौकार." आणि हॉलमधून काकाची थाप आली! स्वरालीनं डोळे एवढे केले. म्हणाली, "बाई गं! लखनदादापण तुझंच ऐकून ओरडतोय!"

मी काय बोलणार? मी तशी फार बोलत नाही.

मग ती तिथंच राहिली. आबांनी हाक मारली तरी हलेना. आणि शेवटचा चौकार गेला तेव्हा स्वराली गोठ्यात होती, सोफ्याची मधली जागा रिकामी होती, आणि तरीही आपण जिंकलो! मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये ज्यांना याआधी शेवटचं आपणच हरवलं होतं, कांजिण्यांच्या वर्षी, आणि नंतर कुणालाच जमलं नव्हतं, त्यांना! आबा अनवाणी गोठ्यात आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमी उलटं समजत हुतो गं. पोरगी हितं बसल्यामुळंच आपण जिंकतोय. सोफा कशाचा लकी, गोठा लकी हाय! गोठा अन् आमची राजी!"

आणि स्वरालीचा चेहरा! तो चेहरा मला माहीत होता हो. दोन वर्षं तो मीच घालून फिरत होते.

रविवारी फायनल, दक्षिण आफ्रिकेशी. आबा म्हणाले, "ऑस्ट्रेलिया न्हाय खरी, पर आता रिस्क नगं." सकाळी गोठा धुतला. पोत्याच्या जागी आबांची खुर्ची. चिवड्याची पहिली वाटी मला. फॅन लावला, हरणीलाही वारा लागला, तिनं त्या दिवशी शेपूट मारली नाही. आणि मॅचच्या आधी स्वराली आली. नाकाला ओढणी नाही! हळू आवाजात म्हणाली, "दीदी, आज आपण बदलू या ना. तू सोफ्यावर बस. मी इथं बसते. मी विचारलंय, आबा म्हणाले, राजी हो म्हणली तर बसा."

ऐकलंत? सोफा! मधली जागा! चेंडूची शिलाई दिसणारा टीव्ही आणि वर्ल्ड कपची फायनल! मला फक्त उठायचं होतं. पाच पावलं. मी उठलेसुद्धा, खरंच सांगते, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलासुद्धा… आणि मागं वळून बघितलं. ती माझ्या खुर्चीवर बसली होती. चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि चांदी, ती समजूतदार चांदी, तिचा हात चाटत होती!

सोफा तिचा होताच. पाय तिचा लकी. आबांचं हसू तिचं. आता माझा गोठाही तिला देऊ? माझी चांदीही? आणि तिनं तिथून चौकार म्हटल्यावर पुन्हा म्हणायचं, 'पोरगी बघा, पोरगी'?

"ऊठ," मी म्हटलं. "मी हितंच बसणार."

ती रडत हॉलमध्ये गेली. सोफ्यावर बसून रडत रडत तिनं आख्खी फायनल बघितली. आपण वर्ल्ड कप जिंकलो. सगळ्या देशानं बघितला. तिनंही बघितला! मी लखनदादाकडून ऐकला.

आता आबांनी जाहीर करून टाकलंय. "राजीला आता हलवायची न्हाय. उद्या लगीन झालं तरी जावयाला सांगू, ऑस्ट्रेलियाची मॅच असली की आदल्या दिशी पोरगी गोठ्यात आणून सोडा." काका गोठ्यावर पत्रा बदलणार आहे. गेल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, आबा, गोठ्यात एक छोटा टीव्ही?… तर आबा घाबरून म्हणाले, "येडी का खुळी! तू बघायचं न्हाय!"

तुम्हाला सांगते, आजकाल टीममध्ये कुणाचीच जागा पक्की नाही. आज आत, उद्या बाहेर.

माझी झाली.