पंधरा मिनिटे, मधे न बोलता

— अन् तू काहीच बोलाचं नाही? मान हालवली तं चालते ना? बरं. कर चालू. ठेव तो मोबाईल त्या पालथ्या टोपल्यावर, माहे हात वल्ले हायेत — कोथिंबीर भिजवून ठेवली, उद्या अनसिंगचा बाजार. मी जुड्या बांधतो अन् बोलतो, दोन्ही होते. तुहा तो कागद वाचला मी सकाळी, तू आंघोळीले गेल्ती तवा. गोष्टी लिहाची एम.ए. — अन् तिच्यासाठी काय काय करा लागते बाप्पा. तीस पुस्तकं वाचाची, एकमेकाच्या लिहिन्यातल्या चुका काढाच्या, आखरीले दीडशे पानाचं सोताचं पुस्तक. अन् मंधात हे — घरातल्या एका मानसाचं बोलनं पंधरा मिनिटं ऐकाचं, मधी बोलाचं नाही, अन् जसंच्या तसं लिहाचं. एक शब्द कापला तं नापास. मी म्हटलं, हे झ्याक हाये. या घरात पंधरा मिनिटं सलग मले कोनी ऐकलं? तुह्या मायनं तं नाहीच.

काय बोलू? लोकाले आमी काय सांगतो, ते सांगू काय? बी.एड. सांगतो. हसू नको. दौलतरावनं चौकात इचारलं, जानराव, पोरगी काय शिकून राह्यली — आता नर्स म्हनता येते, इंजिनेर म्हनता येते, गोष्टी लिहाले शिकते हे कसं म्हनाचं? माही जीभच उचलेना. बी.एड. म्हनून मोकळा झालो. चार मानसात एकडाव म्हटलं की मंग तेच म्हना लागते. पन म्हनून मले तुह्या लिहिन्याची किंमत नाही असं समजू नको, उजू. मले ठाऊक हाये तुले लिहिता येते. तुही गोष्ट दोनदा वाचली म्हने तिनं, अन् दोन्ही डाव —

कोन तिनं? कोनी नाही. तुही मॅडम. नाही, मी कायले भेटू तिले? भेटलो नाही. अशी पाहू नको माह्याकडं. तोंडानं बोलाची मनाई हाये तुले, पन डोये तं इचारूनच राह्यले — बाबा, मॅडमनं तुमाले कवा सांगतलं?

फोनवर. मागच्या साली. याच एम.ए.च्या यादीत तुहं नाव वेटिंगवर होतं तवा. तू धुनं घेऊन विहिरीवर गेल्ती, तुहा मोबाईल घरात चार्जिंगले होता. वाजला, मी उचलला. बाई म्हने, एकजन सोडून गेली, जागा झाली, उज्ज्वलाले उद्या अकराले पाठवा, आखरीचा दिवस हाये. तिची गोष्ट मी दोनदा वाचली म्हने, तिले नक्की पाठवा. अन् उद्या तं केनवडचे पाहुने येनार होते तुले पाह्याले. तुह्या मामानं किती फेऱ्या मारून जमवलं होतं. त्याइले काय सांगाचं — येऊ नका, पोरगी गोष्टी लिहाले गेली? मी म्हटलं, म्याडम, तिचं मन बदललं. बाई म्हने, तिच्याशी बोलू द्या. मी म्हटलं, तिनंच सांगतलं असं. अन् नंबर पुसून टाकला. पुसता येते मले. तूच शिकवलं होतं, त्याच उनाळ्यात.

केनवडचे पोहे खाऊन गेले अन् आठ दिवसानं नाही म्हनाले. त्याचं मले काही नाही वाटलं. पन यादी बंद झाली तवा तू रडलीही नाही. सर्व्या वह्या खताच्या रिकाम्या पोत्यात भरल्या, पोतं माळ्यावर टाकलं, अन् अथीसाच, या आंब्याखाली, माह्याजवळ बसून जुड्या बांधे. सालभर. एकडाव म्हनली — बाबा, मले वाटे मले लिहिता येते. मी काय म्हटलं, आठवते? मले आठवते. मी म्हटलं, जाऊ दे, सर्वाइले सर्वच जमत नाही. ठाऊक असून म्हटलं, उजू. बापानं.

हे पाह्य, बोलता बोलता पिवळी काडी आत गेली. सोडतो. पुन्हा बांधतो.

यंदा तुह्या मायनं ते पोतं उतरवलं, तुले फॉर्म भराले लावला. तिलेही हे ठाऊक नाही. तू अमरावतीले शिकाले गेली तवापासून तुहा फोन आला की मी पह्यले तुहा आवाज पाह्यतो — कळलं काय हिले? हसून बोलली की तो दिवस निभला. मंग जेवतो. लाज वाटते, दुसरं काय. माफ कर म्हनाले तोंड नाही मले.

हे तेवढं काप — नाही कापता येत. मीच वाचलं सकाळी. वर्गात वाचून दाखवा लागते काय? त्याच मॅडमसमोर? ... मंग वाच. नाव बदलू नको. जानरावच लिही. अन् ते बी.एड.चंही राहू दे.

वाजला. झाले ना पंधरा मिनिटं? आता मनाई नाही तुले. बोल. मायले सांगते म्हन, काही म्हन — मी ऐकतो, मधी बोलत नाही.

उजू?

बरं. तो मोबाईल उचल, पानी उडन त्यावर. अन् घरी जा. माह्या जुड्या राह्यल्या.