वर्दळ दोरीत बांधणारे डोमाभाऊ

अध्यक्षसाहेब, म्युनिसिपल कमेटीचे सभासद, ढिवर मोहल्ल्यातले काका-काकू, नाल्यापलीकडच्या जंगलगावांतून पायी आलेल्या बाया-बापड्यांनो, आणि इथे समोर बसलेल्या आमच्या भागाबाई,

ह्या शोकसभेसाठी काल मी चार पानं लिहून काढली होती. आज सकाळी वाचून पाहिली, तर त्यांतून एक शांत, मृदुभाषी गृहस्थ निघाला. डोमाभाऊंना ओळखणाऱ्या कोणीही विचारलं असतं, बाई, हे कोणाबद्दल? पानं घरीच ठेवून आले.  मघाशी भागाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पोरी, रडू नको. अन् खोटं चांगलंबी बोलू नको. मी त्याच्यासंग जलम काढला. मले मालूम हाये तो कसा होता."

तर भागाबाई, खरं तेच सांगते. डोमाभाऊ भांडखोर होते. आणि त्यांच्या भांडणाइतका आनंद मला बी.ए.च्या पुस्तकांनी दिला नाही.

तुम्ही मला इथल्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण म्हणून ओळखता. माझे बाबा कमेटीत चपराशी आहेत. आमच्या घरात पहिली पदवी माझी. नागपूरहून ती घेऊन आले तेव्हा मला वाटायचं, गावाचं सगळं आता मी सरळ करणार. आणि तेव्हाच तो प्रश्न उभा राहिला. आठवतं ना? कमेटीकडे एकाच कामापुरता पैसा होता. स्टेशनपासून विश्रामगृहापर्यंतच्या चांगल्या मुरमाच्या रस्त्यावर डांबर घालायचं, की बाजाराच्या वाटेवर नाल्यात दगडी रपटा, म्हणजे बुटका पूल, बांधायचा? कमेटीचा कल डांबराकडे होता. ओव्हरसियर म्हणाले, जिथे वर्दळ जास्त तिथे खर्च. पुरावा आणा.

पुरावा! मला तर हेच हवं होतं. नवी वही घेतली. रेघा मारल्या. मोटार, टांगा, सायकल, बैलबंडी. चार रकाने. आणि नाल्याच्या काठावर जाऊन बसले.

तिथे डोमाभाऊ जाळं विणत बसलेले. जाळं विणणाऱ्याचे हात आपोआप चालतात, तुम्हाला माहीत आहे. डोळे मोकळे असतात. त्यांचे डोळे माझ्या वहीवर.

"काय लिहून राह्यली पोरी?"

"वाहनं मोजते, भाऊ."

"अन् ह्या बाया?"

समोरून बाया येत होत्या. डोक्यावर मोहाच्या टोपल्या, चारोळीची गाठोडी, कमरेवर लेकरं. लुगडी गुडघ्यावर, पाय चिखलात. मी म्हटलं, "भाऊ, त्या वाहन नाहीत ना."

डोमाभाऊंनी जाळं खाली ठेवलं. ते जाळं खाली ठेवत तेव्हा समजावं, आता आपलं काही खरं नाही.

"डोक्यावर एक ओझं, कमरेवर एक. दोन ओझे घेऊन चालते, ते वाहन नाई? बंडीले चाक हाये म्हणून ते मोठी झाली काय? तुह्या कालेजात डोळे मिटून शिकवते का?"

मंडळी, मी वही मिटली. माझी आईसुद्धा ह्याच नाल्यातून डोक्यावर सरपण घेऊन आली आहे. तिच्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता! हे मला एका निरक्षर ढिवराने दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोजणी स्वतः घेतली. वहीत नाही. अंबाडीच्या दोरीत. पायी जाणाऱ्या माणसाला एक गाठ. बंडीला, टांग्याला, सायकलला जाळ्याच्या बुडाला ओवतात तो मातीचा मणी. मोटारीला लाल चिंधी. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत नाल्यावर. आणि स्टेशनच्या रस्त्यावर तितकेच दिवस भागाबाईंचे भाऊ बसले, दुसरी दोरी घेऊन. लोकांना वाटलं, ढिवर जाळी विणतात.

मी त्यांना एक गोष्ट विचारली होती, ती आज सांगायलाच हवी. पावसाळ्यात नाला भरला की माणसं कोणाच्या डोंग्यातून पलीकडे जात? डोमाभाऊंच्याच. चार महिन्यांचं त्यांचं पोट त्यावर होतं. मी म्हटलं, "भाऊ, रपटा झाला तर तुमच्या डोंग्यात कोण बसणार?"

म्हणाले, "मासोळ्या रपटा पाहून गाव सोडते काय?"

आणि विणत राहिले. एवढंच. त्यागबिग असला शब्द मी उच्चारला असता, तर त्यांनी मला नाल्यात ढकललं असतं.

मग कमेटीची सभा. मी दोरीवरून वहीत उतरवलेले आकडे वाचले. एक सभासद म्हणाले, बाई, तुमची वही तुम्हीच लिहिली, आम्ही कशी मानावी?  दाराशी बाबा उभे, त्यांचा चेहरा पाहवेना. तेवढ्यात डोमाभाऊ पुढे आले आणि खांद्यावरची वेटोळी सोडू लागले.

दोरी टेबलावर पसरली. टेबल संपलं. खुर्च्यांमधून गेली. उंबरठा ओलांडला, पायऱ्या उतरली आणि टांग्यांच्या अड्ड्याशी जाऊन थांबली. गाठीच गाठी. मणीच मणी. लाल चिंधी एकही नाही. मग त्यांनी स्टेशनच्या रस्त्याची दोरी काढली. ती टेबलावरच मावली. वर जागा उरली चहाच्या कपांपुरती!

ते सभासद चिडले. "एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजला असेल!"

"मोजला जी. माही बायको तीनदा हाये. मीठ भुलली, मंग तेल भुलली."

"मग एकाच बाईच्या तीन गाठी?"

"तीनदा गेली, तीनदा भिजली. अन् ह्या दुसऱ्या दोरीत सात चिंध्या हाये ना जी, ते मोटर एकच हाये. अध्यक्षसाहेबाची. तिले एकदाच धरू काय?"

अध्यक्षसाहेब, तुम्ही आज इथे आहात, आणि आताही हसताहात. त्या दिवशीही सगळ्यांत आधी तुम्हीच हसलात, हे मी विसरणार नाही. पण ते सभासद ओरडले, "चपराशी, उचल हे जाळं!" बाबा आले. तीस वर्षांत ह्या माणसाने साहेबांपुढे मान वर केली नव्हती. त्यांनी दोरीकडे पाहिलं, बाहेर पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कोणत्या टोकाकून उचलू, साहेब? त्या टोकावर टांगा उभा हाये."

मंडळी, मग ठराव मांडायला काय उरलं होतं? रपटा मंजूर झाला.

डोमाभाऊ खूष झाले असतील असं वाटतं? बांधकाम सुरू झालं त्या दिवसापासून ते गवंड्याच्या डोक्यावर उभे. रपटा झाल्यावर पहिल्या पुरात पाणी वरून गेलं, तेव्हा भर पावसात शाळेच्या दाराशी येऊन मला म्हणाले, "मी सांगतलं होतं, हातभर उच्चा करा. लिही अर्ज." मी अर्ज लिहिला. तो अजून कमेटीत आहे. अध्यक्षसाहेब, हातभर उंची अजून व्हायची आहे. शोकसभेत हे बोलू नये म्हणतात. पण डोमाभाऊंच्या शोकसभेत हे बोललं नाही, तर शोकसभा कोणाची?

लोक म्हणतात, गरिबाने सरकारच्या खर्चात तोंड घालू नये, त्याला काय कळतं. मला इतकंच कळलं की खर्च कुठे करायचा हे ठरवण्याआधी, चिखलात पाय कोणाचे आहेत ते खाली वाकून पाहावं लागतं. डोमाभाऊ वाकून पाहत. जन्मभर पाण्यात वाकलेला माणूस, त्याला ती सवय होती.

भागाबाई, तुमचं दुःख मोठं आहे, ते माझ्या शब्दांनी हलकं होणार नाही. पण तुम्ही मघापासून पदराआड हसताहात, ते मी पाहिलं आहे.

आता आपण सारे दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी एक विनंती. आज बाजार आहे. आदर म्हणून कमेटीने रपट्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून बंड्या थांबवल्या आहेत, डोक्यावर ओझी घेतलेल्या बायाही तिकडेच ताटकळल्या आहेत. साहेब, त्यांना सोडा. डोमाभाऊंच्या नावाने वाट अडली, तर ते तिकडून भांडायला परत येतील.

सोडा त्यांना. जाऊ द्या. आपण उभे राहू.