सकस आहाराचा परिणाम

हसू नका, पण सकस आहारावर भाषणं द्यायचा मी एकेकाळी सरकारी पगार घेत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी पुण्याहून थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालला ग्रामसेविका म्हणून जाऊन पडले. पहिल्याच सभेत बायकांना पालेभाज्या, डाळी, जवस यांचं महत्त्व तासभर सांगितलं आणि ऐटीत विचारलं, "काही शंका?"

पुढेच बसलेल्या सरूमावशींनी माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. "तू सोता काय खातं वं बाई?"

मला स्टोव्हसुद्धा धड पेटवता येत नव्हता. म्हटलं, "चहा... आणि बिस्किटं."

"अन् आमाले शिकवून राह्यली!"

त्याच दिवशी बायकांनी माझे वार लावले. रोज एका घरी जेवायचं. सोमवारी सरूमावशींकडे भाकर आणि अंबाडीची भाजी, शुक्रवारी रझियाचाचींकडे मसूरची डाळ. मी आधी "नको, नको" म्हणायची आणि मग ताट पुसून खायची.

सहा महिन्यांनी बुलढाण्याहून साहेब तपासणीला आले. "कार्यक्रमाचा गावात काही परिणाम दिसतो का?"

गाव पहिल्यापासून जे खात होतं, तेच अजून खात होतं.

सरूमावशींनी मला खांद्याला धरून पुढे ढकललं. "दिसते ना साहेब! आली तवा काडीवानी होती. आता पाहा, पोलकं उसवून राह्यलं हिचं!"

साहेबांनी मान वर न करता शेरा लिहिला, 'प्रगती समाधानकारक.'