मॉस्कविचचा खडखडाट

—नाही, नाही, पुन्हा चालू कर. कर की! मी कुठं पळून जात नाही, अजून अर्धं पोतं मिरच्या भाजायच्या राहिल्यात... हं. ऐकलंस? खडखड, खडखड. डब्यात खडे घालून पोरानं वाजवावेत तसं. बंद कर आता, कान किटले. झालं? पुन्हा खाली शिरलास? शीर बाबा. मला तुझे नुसते बूट दिसतात, कामेन, आणि खरं सांगू का – बुटांशी बोलायला बरं वाटतं. तोंड दिसलं की थोडी दया येते, बुटांची येत नाही.

मी म्हटलं होतं की नाही, मेकॅनिककडे ने? म्हटलं होतं! तर तुझं काय? 'आई, मेकॅनिक लुटतात, इंजिनाच्या हेडचं गॅसकिट बदलायला काय अक्कल लागते?' – आठवडाभर गॅरेजसमोर माझी जुनी चादर अंथरून त्यावर नटबोल्ट मांडून बसलास, येणारा-जाणारा प्रत्येकजण उंटावरचा शहाणा, प्रत्येकाला माझीच दारू – आणि आता नाचता येईना अंगण वाकडं. म्हणे पाना बरोबर नव्हता. पाना बरोबर होता, जावईबापू. दोब्रीचा पाना आहे तो. माझा नवरा गेला, पण त्याचे पाने आणि ही त्याची मॉस्कविच गाडी मागं राहिली, आणि वर तू मिळालास – एकावर एक फुकट.

काय? ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. ... किती वाजले? वाजले असतील काहीतरी. वेळ बघून तू काय करणार आहेस? सकाळची आगगाडी होती, गेला असतास तर एव्हाना बुर्गासला पोचून कॉफी पिऊन झाली असती. पण नाही! 'गाडीनंच जातो आई, तिचं सामान आणायचंय.' सामान! तुझ्या बायकोनं, माझ्या रुमियानानं, किती सरळ सांगितलं होतं – मी शेजारीच उभी होते, सगळं ऐकत होते – बुर्गासहून इटलीची बस दुपारी सुटते, ती सुटायच्या आधी येऊन समोर उभा राहिलास तर बॅग खाली उतरवते आणि तुझ्याबरोबर घरी येते, नाहीतर चालले मी बोलोन्याला, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला. यात अवघड काय होतं? माणसानं नुसतं जायचं होतं. चालत गेला असतास तरी चाललं असतं.

असाच खडखडत जायला निघाला होतास, माहीत आहे मला! मग अडवलं कुणी? मी? मी फक्त म्हटलं, शेजारच्या स्तॉइचोदादाला एकदा ऐकवून घे. त्यानं बॉनेटवर कान ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, बेअरिंग गेलं, दहा किलोमीटरवर इंजिन जाम होईल. तो काहीही म्हणतो. गेल्या वर्षी माझ्या फ्रिजलाही तो हेच म्हणाला होता. पण तू घाबरलास. तुझं हे असंच – कुणी जरा ठामपणे बोललं की तू जागीच बसतोस. रुमियाना म्हणायची, आई, तो वाईट नाही गं. मी म्हणायचे, बाई, वाईट असता तर निदान काहीतरी असता.

चिमटा दे तो, मिरची जळतेय. ... राहू दे, घेतला मी.

आता काय झालं? आवाज वरून येतोय? खालून नाही? अरे, वरून कसा येईल, तिथं काय आहे – ते डोकं उघड परत, हेड काढ, खाली पसर सगळं, चादर आहे अजून. ... त्या गोल डब्यात? त्यात बघून काय मिळणार तुला, त्यात हवेची जाळी आणि दोन अक्रोड, इंजिनाचं काय त्यात—

—म्हणजे उंदीर नेतात ना. अक्रोडाच्या झाडाखाली गाडी उभी असते, उंदीर नेणारच.

दोन? मी म्हटलं दोन? मग दोन असतील. उंदराला दोन पुरतात.

तो डबा बंद असतो म्हणतोस. वर कानांचा नट असतो, हातानं फिरवायचा. ... हो, माहीत आहे मला, दोब्री दर रविवारी उघडायचा तो. असा काय बघतोस? उठून बसलास ते बरं केलंस, पाठीला गारठा लागला असता. बघ उघडून. बघ, बघ! मिळाले? खा आता. या वर्षी चांगले गोड आलेत.

ओरडू नकोस. शेजारी खिडक्यांत आहेत. आणि ओरडून उपयोग काय, बैल गेला अन् झोपा केला. तिचा फोन आला होता. तुझ्या फोनवर, तुझ्या कोटाच्या खिशात, कोट माझ्या स्वयंपाकघरात – हात तुझे तेलात, मग कुणी घ्यायचा? मी घेतला. आणि मी खोटं बोलले नाही, हे लक्षात ठेव. एका शब्दानं नाही. तिनं एवढंच विचारलं, 'आई, त्याच्यामागं पाणी ओतलंस का?' – आपल्याकडं उंबऱ्यावर पाणी ओतल्याशिवाय कुणी प्रवासाला निघतं का? दुष्मनाच्या मागंही ओततो आपण. मी म्हटलं, नाही ओतलं. खरं तेच सांगितलं! तू इथंच होतास, कुणामागं ओतू? तू निघालाच नाहीस, हे ती समजली. मागं ड्रायव्हर बॅगा चढवा म्हणून ओरडत होता. मग म्हणाली, बरं. आणि ठेवला.

जाते म्हणाली नाही, जप म्हणाली नाही. नुसतं बरं.

का? का म्हणून विचारतोस? अरे, मीसुद्धा बसले होते एकदा बसमध्ये. याच रस्त्यावर, मांडीवर बॅग घेऊन, खिडकीशी. वार्नाला मावशीकडं चालले होते, कायमची. आणि दोब्री आला. हीच गाडी घेऊन आला, धुरळा उडवत, बसच्या आडवी घातली, खाली उतरून हात जोडले – आणि मी उतरले. सगळी बस टाळ्या वाजवत होती. वेळेवर आला माणूस, म्हणून माझं आयुष्य गेलं त्या बॉनेटकडं बघत. एकदा तरी उशीर झाला असता त्याला! एखादा टायर फुटला असता, काही झालं असतं. कुणी केलं माझ्यासाठी एवढं? कुणी नाही केलं.

चालू कर गाडी. कर म्हणते ना, मला ऐकायचंय.

... ऐक. गुरगुर नाही, कुरकुर नाही, दोब्रीच्या हातात असतानाही इतकी शांत चालली नव्हती ही. गॅसकिट चोख बसवलंस, कामेन. जन्मात पहिल्यांदा एक काम तू नीट केलं होतंस.

बंद कर आता. पेट्रोल जळतंय. बंद कर आणि ते पोतं इकडं ओढ.