संदर्भ क्रमांक चौदा

मुलगी : नाही बाबा, इथे स्वल्पविराम नाही चालणार. आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर, मग टिंब. त्यांच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय.

बाबा : आमच्या वेळी निबंधात काय आहे ते बघायचे. आता टिंबं मोजतात!

मुलगी : तुमच्या वेळी टायपिस्ट बोलणी खायचा, आता मी खातेय. एवढाच फरक. चला, संदर्भसूची आज संपवायचीच. पुढचा वाचा.

बाबा : मी काय वाचणार कपाळ! डोळ्यांत औषध घातलंय, सगळं धूसर दिसतंय. तूच वाच.

मुलगी : तेरावा झाला. चौदावा तुमचाच आहे. ‘तळ्यातील गोगलगायींच्या वर चढण्याबद्दल : एक उत्तर.’ वर्ष आहे, अंक आहे. पानांचे आकडे नाहीत.

बाबा : राहिले असतील. दोनच पानांचं टिपण होतं ते.

मुलगी : थांबा, ग्रंथालयाच्या साइटवर बघते. हं, मिळालं. पण बाबा, हे उत्तर कोणाला दिलं होतं?

बाबा : असेल कोणीतरी. तेव्हा असे वाद फार चालायचे.

मुलगी : तो मूळ निबंध आपल्या सूचीत नाहीये. उत्तर आहे आणि प्रश्नाचा पत्ता नाही. तपासणारा पहिलं बोट इथेच ठेवेल.

बाबा : मग चौदावाच काढून टाक.

मुलगी : इतक्या सहज? मघाशी एका टिंबासाठी माझं डोकं खाल्लंत, आणि आता स्वतःचं अख्खं टिपण सोडून देताय?

बाबा : जुनं झालं गं ते. कोण वाचतंय?

मुलगी : मी वाचतेय ना. ऐका. ‘तळ्याचे पाणी तापल्यावर गोगलगायी श्वासासाठी लव्हाळ्यांवर चढतात, हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या अन्नासाठीच चढतात.’ असं तुम्ही लिहिलंय. आणि आताच्या निबंधात बरोब्बर उलटं. पाणी तापतं, त्यातली हवा कमी होते, म्हणून त्या चढतात.

बाबा : माणसाने मत बदलू नये की काय?

मुलगी : खुशाल बदलावं. पण इथे प्रस्तावनेत ‘आम्ही हे प्रथमच दाखवत आहोत’ असं आहे. हे तर कोणीतरी आधीच म्हटलं होतं. आणि तुम्ही त्यालाच खोडून... एक मिनिट. ज्याला उत्तर दिलंय त्याचं हे आडनाव तर आईच्या माहेरचं आहे.

बाबा : दार लोटून घे जरा.

मुलगी : आद्याक्षरही आईचंच. बाबा, हा निबंध आईचा आहे?

बाबा : दार लोट म्हटलं ना.

मुलगी : लोटलं. ती गॅलरीत झाडांना पाणी घालतेय. बोला आता.

बाबा : तू दोन वर्षांची होतीस तेव्हा. अन्नासाठी चढतात, हे माझं मत आधीच छापून आलं होतं. नवऱ्याच्या विरोधात लिहिलंय म्हणून लोकांना चघळायला विषय मिळेल, म्हणून तिने माहेरचं आडनाव लावलं.

मुलगी : आणि तुम्ही जाहीर उत्तर दिलंत. घरात बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

बाबा : घरात बोललो असतो तर हरलो असतो. बाहेर माझ्या शब्दाला वजन होतं. सगळ्यांनी माझंच खरं मानलं. तिचा निबंध छोट्या नियतकालिकात आला होता, पुढे तेही बंद पडलं. मग एक दिवस म्हणाली, आता मी नुसतं शिकवणार. संशोधन पुरे.

मुलगी : मला तर वाटायचं, माझ्यामुळे सोडलं तिने सगळं. मी लहान होते, सारखी आजारी पडायचे, म्हणून. इतकी वर्षं हे ओझं मी वाहतेय, बाबा.

बाबा : मी तसं वाटू दिलं. माझ्या सोयीचं होतं ते.

मुलगी : फार वाईट केलंत.

बाबा : हो. या खेपेला पाण्यातला प्राणवायू मोजला ना, तेव्हा आकडे तीनदा तपासले मी. ती म्हणाली होती तस्संच.

मुलगी : मग तेव्हाच का नाही घातलंत तिचं नाव?

बाबा : अगं, त्या ‘प्रथमच’ शब्दावर तर संपादकांनी निबंध मागवलाय. तो काढला की काय उरतं? दुसऱ्याने सांगितलेलं एका म्हाताऱ्याने पुन्हा तपासलं, एवढंच. सरळ परत पाठवतील. आणि यानंतर काही माझ्याच्याने व्हायचं नाही. हा शेवटचा माझा.

मुलगी : तिचा तर एकच होता.

बाबा : मग काय करू म्हणतेस?

मुलगी : मी काही जबरदस्ती करत नाहीये. निबंध तुमचा आहे. फक्त चौदावा काढून टाकायला मला सांगू नका. ते तुमच्या हाताने करा.

बाबा : राहू दे चौदावा. आणि तिचा घाल. पंधरावा कर.

मुलगी : नुसता सूचीत नाही घालता येत. मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतो, त्या क्रमाने आकडा पडतो. आधी वाक्य सांगा.

बाबा : मग प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य खोड. ‘प्रथमच’वालं.

मुलगी : नक्की?

बाबा : पुन्हा विचारू नकोस, नाहीतर माघार घेईन. खोडलंस?

मुलगी : खोडलं.

बाबा : त्या जागी लिही. ‘पाणी तापल्यावर गोगलगायी श्वासासाठी वर चढतात, हे सर्वप्रथम...’ आणि वाक्याच्या शेवटी कंसात एक.

मुलगी : एक? म्हणजे बाकीचे सगळे एकेक घर खाली जाणार. अख्ख्या निबंधातले आकडे बदलत बसावं लागेल मला.

बाबा : बदल. बसव मलाही शेजारी.

मुलगी : बरं. ‘हे सर्वप्रथम’ पुढे काय?

बाबा : तिचं नाव. आणि मग ‘यांनी सिद्ध केले.’

आई : सिद्धबिद्ध काही केलं नव्हतं मी.

मुलगी : आई! तू कधी आलीस?

आई : झारी ठेवायला आले होते. दार लोटलं की तुम्हा दोघांचा आवाज चढतो, हे अजून तुमच्या लक्षात आलेलं नाही. आणि तू गं, कसलं ओझं घेऊन बसलीस वेड्यासारखी? तुझ्यामुळे काही सोडलं नाही मी. उलट तू होतीस म्हणून ते दिवस निघाले. मला विचारायचंस तरी.

मुलगी : भीती वाटायची. तू हो म्हणालीस तर, अशी.

आई : इकडे ये. अशी जवळ ये. आणि अहो, ते वाक्य बदला. एकाच तळ्यावर, एकाच उन्हाळ्यात मी पाहिलं होतं. ‘पाहिले’ एवढंच लिहा. उगाच फुगवू नका, नाहीतर कोणीतरी उत्तर लिहील.

बाबा : त्या तळ्यावर मीही होतो.

आई : होतात की. काठावर उभे होतात. ‘या, बघा तरी’ म्हणून दोनदा हाक मारली होती मी.

बाबा : ऐकू आली होती.